न्हाणीघर नवे करताना : लादीखालचे काम आधी पक्के करा

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा असे करत थेट पौडपर्यंत सिमेंट, लादी, नळ आणि सॅनिटरी मालाची दुकाने लागत जातात. मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि बावधन, सूस, म्हाळुंगे, भूगाव या पट्ट्यात इमारतींची रांग लागली. यांपैकी सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. त्या पहिल्या लाटेतल्या इमारतींना आता वीस वर्षे होत आली आहेत. भिंतीतले लोखंडी नळ गंजले आहेत, लाद्यांचे सांधे काळे पडले आहेत आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येऊ लागली आहे. पश्चिमेकडे पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या गावांत चित्र वेगळे आहे. तिथे परसातली मोरी आणि अंगणाच्या कडेचा संडास घराच्या आत येत आहे. दोन्हीकडे काम एकच, जुने न्हाणीघर मोडून नवे करण्याचे.

आपल्या गवंडी, प्लंबर, लादी कारागीर आणि हार्डवेअर दुकानदार बंधूंसाठी हे काम महत्त्वाचे आहे. नव्या इमारतीचे काम मोठ्या ठेकेदाराकडे जाते. एका न्हाणीघराचे काम मात्र ओळखीवर मिळते आणि ओळखीवरच पुढे वाढते. पण याच कामात सर्वांत जास्त भांडणे होतात. रंग बिघडला तर एका दिवसात पुन्हा मारता येतो. न्हाणीघर गळू लागले तर सगळे उखडावे लागते. सहा महिन्यांनी खालच्या घरात थेंब पडू लागला की लादी कोणी पसंत केली, घाई कोणी केली, हे कोणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो, "मिस्त्री कोण होता?" मग मजुरीत मिळवलेले सगळे त्या एका दुरुस्तीत जाते, आणि त्या घरातून पुढे मिळणारी चार कामेही जातात.

यावर उपाय महागड्या मालात नाही, कामाच्या क्रमात आहे. न्हाणीघरात बिघडते ते बहुतेक लादीच्या मागे आणि लादीच्या खाली बिघडते. म्हणून झाकण्याआधी तपासावे, तपासल्यावरच झाकावे आणि पैशाचे हप्तेही तपासणीशी बांधावेत.

आधी मोजमाप आणि कागद

गिऱ्हाईक दुकानात येते ते लादीचा रंग ठरवायला. कारागिराने त्याला आधी चार प्रश्न विचारावेत. घरात दुसरे न्हाणीघर किंवा संडास आहे का? नसेल तर काम चालू असताना घरची माणसे कुठे जाणार? सांडपाणी कुठे जाते, ड्रेनेज लाइनमध्ये की सेप्टिक टँकमध्ये? गरम पाण्यासाठी काय लावणार, विजेचा गीझर, सोलर की गॅस? आणि घरात वयस्क माणसे किती आहेत?

या चार उत्तरांवर सगळी आखणी अवलंबून असते. घरात एकच संडास असेल तर कमोड काढण्याचा दिवस शेवटपर्यंत लांबवावा, किंवा शेजारी सोय करून घेऊनच काम सुरू करावे. सोलर असेल तर गच्चीवरून येणाऱ्या गरम पाण्याच्या नळासाठी वेगळी वाट ठेवावी लागते. वयस्क माणसे असतील तर कमोडच्या बाजूला धरायचा दांडा लागतो. त्या दांड्याचे स्क्रू पोकळ जागी पडून चालत नाही, म्हणून त्या ठिकाणची भिंत आधीच भक्कम करून घ्यावी.

आपल्या घरांत आणखी दोन गोष्टी विचारल्या जातात आणि त्याही पहिल्याच दिवशी ठरल्या पाहिजेत. पहिली म्हणजे कमोडची दिशा. पुण्याहून किबला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकून येतो. बैठकीचे तोंड किंवा पाठ त्या बाजूला नको, अशी बहुतेक गिऱ्हाइकांची इच्छा असते. मैल्याच्या पाइपाचे तोंड एकदा बसले की कमोड फिरवता येत नाही, म्हणून हे लादी बसल्यावर ऐकून उपयोग नाही. दुसरी गोष्ट वजूच्या नळाची. बसायला कट्टा, समोर नळ, पाय धुतलेले पाणी लगेच जाळीकडे जाईल असा उतार आणि पाय न घसरणारी फरशी, इतके पुरेसे आहे. उंची पुस्तकातून घेऊ नये. घरातल्या वयस्क माणसाला स्टुलावर बसवावे, हात सहज पोहोचतो तिथे भिंतीवर खूण करावी आणि तिथेच पॉइंट काढावा.

हे सगळे एका कागदावर उतरवावे. वहीचे पान चालेल. त्यावर खोलीचा आराखडा, दाराची बाजू, नळाच्या जागा, जाळीची जागा, मालाची यादी, कोणता माल कोणी आणायचा आणि पैशाचे हप्ते असावेत. दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. ओळखीच्या माणसाबरोबर कागद कसला, असे म्हणून जे काम सुरू होते, त्यातच ओळख तुटते.

तोडफोड : किती आणि कुठपर्यंत

न्हाणीघर खरेच नवे करायचे असेल तर जुन्या लादीवर नवी लादी चिकटवून भागत नाही. तसे करता येते, त्यासाठी चिकट मसालाही मिळतो. पण खालची गळती तशीच राहते आणि फरशी उंच होऊन पाणी बाहेरच्या खोलीत येते. गळती असेल तर लादी, खालचा माल आणि भराव काढून स्लॅबपर्यंत जावे.

तोडण्याआधी पाणी बंद करावे, त्या खोलीची वीज मेन बोर्डावरून बंद करावी आणि जाळीच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवावा. सिमेंटचा एक मोठा तुकडा पाइपात गेला तर सगळ्या इमारतीची लाइन तुंबते. भिंतीत खाच मारताना बीम आणि कॉलमला छिन्नी लावू नये. इमारतीत काम असेल तर सोसायटीला आधी लेखी कळवावे आणि राडारोडा कुठे टाकायचा ते ठरवून घ्यावे. ओढ्याच्या किंवा नदीच्या काठी तो रिकामा करणे हा गुन्हा आहे, आणि पावसाळ्यात तेच पाणी गावात शिरते.

सोसायटीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या आणि बाहेरच्या सामाईक पाइपांच्या गळतीचा खर्च संस्था करते, पण सदनिकेतल्या टॉयलेट आणि सिंकच्या गळतीचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो. म्हणजे आपण केलेले न्हाणीघर गळले तर खालच्या घराचे छत दुरुस्त करण्याचा खर्च आपल्या गिऱ्हाइकावर येतो. तो खर्च घेऊन गिऱ्हाईक शेवटी आपल्याच दाराशी येणार, हे कारागिराने लक्षात ठेवावे.

नळ आणि पाइप

तोडफोड झाल्यावर पहिले काम मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपाचे, मग पिण्या-वापरण्याच्या पाण्याचे. मैल्यासाठी ११० मि.मी. आणि सांडपाण्यासाठी ७५ मि.मी. एस.डब्ल्यू.आर. पाइप वापरावा. त्याचे मानक आय.एस. १३५९२ आहे. मैल्याच्या पाइपाला ४० फुटांत १ फूट इतका उतार धरावा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये निदान ५० मि.मी. पाणी साचून राहिले पाहिजे. हेच पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवते. स्वस्तात मिळणारे उथळ ट्रॅप घेतले की उन्हाळ्यात ते सुकतात आणि घरात दुर्गंधी येते. मग गिऱ्हाईक फिनेल बदलत बसते.

कमोड घेताना एस ट्रॅप की पी ट्रॅप हे आधी पाहावे. एस ट्रॅपचे तोंड फरशीत उघडते, पी ट्रॅपचे भिंतीत. एस ट्रॅपमध्ये मागच्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर १००, २२० किंवा ३०० मि.मी. असे ठरलेले असते. हे अंतर लादी बसल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचे असते. उघड्या विटेपासून मोजले तर प्लॅस्टर आणि लादी मिळून इंच-दीड इंच कमी होतो आणि कमोड बसत नाही. कमोड आधी विकत घ्यावा, तो जागेवर ठेवून पाहावा आणि मगच पाइप पक्का करावा.

पाण्यासाठी आता सी.पी.व्ही.सी. पाइप सर्रास वापरतात. मानक आय.एस. १५७७८. साधा पी.व्ही.सी. पाइप गरम पाण्याला चालत नाही. सी.पी.व्ही.सी.चा चिकट द्राव वेगळा असतो. साध्या पी.व्ही.सी.चा डबा वापरून सांधा केला तर तो त्या दिवशी धरतो आणि गीझर सुरू झाल्यावर सुटतो. नळाच्या जागी पितळी दाते असलेले जोड लावावेत. प्लॅस्टिकचे दाते पान्याने फिरवताना सोलले जातात.

नळांची उंचीही कागदावर असावी. शॉवर साधारण ७ फुटांवर, बेसिनचा वरचा काठ ३२ ते ३३ इंचांवर, बादलीवरचा नळ २ ते अडीच फुटांवर. बादली नळाखाली सरळ बसली पाहिजे. सगळे पॉइंट काढून झाले की तोंडे बुचाने बंद करावीत, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा आणि काटा खाली येतो का ते पाहावे. पंप नसेल तर टाकीचे पाणी सोडून रात्रभर पाइप भरून ठेवावा आणि सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. ही पहिली तपासणी. ती झाल्याशिवाय खाचा बुजवू नयेत. बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढावेत आणि गिऱ्हाइकाला पाठवावेत. उद्या आरसा लावताना खिळा कुठे मारू नये, हे त्या फोटोत दिसेल.

विजेचे काम याच वेळी होते. १५ लिटरचा गीझर साधारण २००० वॅटचा असतो आणि सुमारे ९ अँपियर वीज ओढतो. झटपट गरम करणारा ३००० वॅटचा गीझर १३ अँपियर ओढतो. त्याला स्वतंत्र ४ चौ. मि.मी. तांब्याची वायर, १६ अँपियरचे सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरचा आर.सी.सी.बी. हवाच. ओल्या अंगाला विजेचा धक्का बसू लागला तर हा स्विच क्षणात वीज तोडतो. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवू नये. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो, त्याला वास नसतो आणि आंघोळ करणारा माणूस बेशुद्ध पडतो. असे मृत्यू महाराष्ट्रात झालेले आहेत. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी कारागिराने नकार द्यावा. गॅस गीझर मोकळ्या हवेत, बाहेरच्या भिंतीवरच लावावा.

वॉटरप्रूफिंग आणि ४८ तासांची परीक्षा

स्लॅब स्वच्छ धुऊन घ्यावा. पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातात तिथली भोके हे गळतीचे पहिले ठिकाण असते. ती न आकसणाऱ्या मसाल्याने भरावीत. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात मालाची गोलाई द्यावी, काटकोन ठेवू नये. त्यावर सिमेंटचा घोळ मारून वॉटरप्रूफिंग द्राव मिसळलेल्या मालाचा सुमारे २० मि.मी. थर द्यावा आणि त्यावर पाणी मारत राहावे. हा थर पक्का झाल्यावर सिमेंट-पॉलिमरचा लेप दोन हातांनी द्यावा, पहिला हात आडवा आणि दुसरा उभा. द्रावाचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. तेवढेच घ्यावे, जास्त टाकून जास्त फायदा होत नाही.

लेप फक्त जमिनीवर देऊन थांबू नये. चारही भिंतींवर निदान १ फूट आणि शॉवरच्या कोपऱ्यात ६ फुटांपर्यंत तो चढवावा. ७ बाय ५ फुटांच्या न्हाणीघराचा हिशेब असा. जमीन ३५ चौ. फूट. दार अडीच फूट सोडून भिंतीचा घेर साडेएकवीस फूट, म्हणून १ फूट उंचीचे साडेएकवीस चौ. फूट. शॉवरच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना ३-३ फूट आणि वर आणखी ५ फूट, म्हणजे ३० चौ. फूट. एकूण सुमारे ८७ चौ. फूट. जो फक्त ३५ फुटांचा माल आणतो, त्याचा लेप अर्ध्यावर संपतो.

लेप वाळल्यावर सर्वांत महत्त्वाची परीक्षा येते. जाळीचे तोंड बंद करावे, दाराशी विटेचा बांध घालावा आणि २ इंच पाणी ४८ तास कोंडून ठेवावे. वरील मापाच्या न्हाणीघरात याला जेमतेम १६० लिटर पाणी लागते. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने खूण करावी. उन्हाळ्यात थोडे पाणी हवेतही उडते, त्यावरून वाद होतो. त्यासाठी त्याच खोलीत एक पसरट परात पाणी भरून ठेवावी आणि तिलाही खूण करावी. परातीतले पाणी जितके खाली गेले तितकेच जमिनीवरचे गेले, तर ते वाफ झाले. जमिनीवरचे जास्त गेले, तर गळती आहे. खालच्या घरात जाऊन छत पाहावे आणि गिऱ्हाइकालाही दाखवावे.

या दोन दिवसांत काम थांबते. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, दोन दिवस रिकामे का बसलात?" कारागिरालाही रोज बुडतो असे वाटते. उपाय सोपा आहे. हे दोन दिवस कागदावर आधीच धरावेत आणि त्या काळात दुसऱ्या घरचे काम लावावे. पुढच्या दहा वर्षांची शांतता या ४८ तासांत मिळते.

परीक्षा उतरल्यावर भराव करावा. पूर्वी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालत, आजही घालतात. फक्त तुकडे भिजवून घ्यावेत आणि लेपाला टोक लागणार नाही असा पातळ मालाचा थर आधी पसरावा. फरशीचा उतार कोब्यातच द्यायचा असतो, लादी वाकडी बसवून नव्हे. दर फुटाला ५ मि.मी. इतका उतार जाळीकडे पुरेसा होतो. न्हाणीघराची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा निदान अर्धा इंच खाली असावी आणि दाराला कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचा उंबरा असावा.

लादी : निवड, मोजणी आणि बसवणे

आपल्या बाजारातली बहुतेक लादी गुजरातमधल्या मोरबीहून येते. भिंतीची सिरॅमिक लादी सच्छिद्र असते, ती सिमेंटवर बसवायची असेल तर आधी पाण्यात भिजवावी लागते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही. काही महिन्यांनी ठोकून पाहिली की पोकळ वाजते. तिला टाइल अॅडहेसिव्हच हवे. त्याचे मानक आय.एस. १५४७७ आहे आणि पोत्यावर टाइप छापलेला असतो. अॅडहेसिव्हवर बसवताना लादी भिजवू नये. जमिनीसाठी खरखरीत, पाय न घसरणारी लादी घ्यावी. दुकानात चकचकीत लादी उठून दिसते, पण साबणाच्या पाण्यात तीच आजीचे हाड मोडते.

मोजणीत गफलत होते ती मापाच्या बोलीमुळे. आपण १२ बाय १८ म्हणतो, पण लादी ३०० बाय ४५० मि.मी. असते. म्हणजे दीड चौरस फूट नव्हे, १.४५ चौ. फूट. ७ बाय ५ च्या खोलीत ७ फूट उंचीपर्यंत भिंती १६८ चौ. फूट होतात. दाराचे साडेसतरा वजा करून १५०.५ राहतात. तुटफूट आणि कापणीसाठी १० टक्के धरून सुमारे १६५.५ होतात. त्याला ११४ लाद्या लागतात. दीड फुटाने हिशेब केला तर १११ येतात आणि शेवटच्या दिवशी तीन लाद्यांसाठी काम अडते. जमिनीला ३०० बाय ३०० च्या ४० लाद्या धराव्यात. अॅडहेसिव्हचे २० किलोचे पोते ३ मि.मी. थराने साधारण ४५ ते ५० चौ. फूट भागवते. इथे चार पोती लागतील. भिंत ओळंब्यात नसेल तर जास्त लागतील, म्हणून आधी प्लॅस्टर सरळ करून घेणे स्वस्त पडते.

बसवताना भिंतीची सर्वांत खालची ओळ सोडून द्यावी. दुसऱ्या ओळीखाली लेव्हलमध्ये सरळ पट्टी ठोकून तिथून वर चढावे. मग जमिनीची लादी बसवावी आणि शेवटी खालची ओळ त्या लादीवर उतरवावी. असे केल्याने भिंतीवरचे पाणी फरशीवर पडते, सांध्यात शिरत नाही. लादीला लादी भिडवू नये. २ मि.मी.चे स्पेसर ठेवून सांधा ग्राउटने भरावा. लादी कापणारे मशीन आणि लेझर लेव्हल असेल तर काम सुबक आणि लवकर होते. केंद्र सरकारची पी.एम. विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत व्हाउचर, तसेच ५ टक्के व्याजाने विनातारण आधी १ लाख आणि नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमधून होते. गवंडीकाम करणाऱ्या बंधूंनी तिची चौकशी जरूर करावी.

मुळशीचा पाऊस, पाणी आणि वाळू

ताम्हिणीच्या बाजूला पाऊस अफाट पडतो. तिकडच्या घरात न्हाणीघराची भिंत बाहेरची असेल तर ओल आतून येते की बाहेरून, हे आधी ठरवावे. बाहेरच्या भिंतीला भेगा असतील तर आतले वॉटरप्रूफिंग कितीही चांगले केले तरी लादी सुटते. असे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावे. सिमेंट वाळते, वाळू कोरडी मिळते आणि घाटरस्त्यावर गाडी अडत नाही.

गावांत ड्रेनेज लाइन नसते, सेप्टिक टँक असतो. आंघोळीचे आणि कपड्यांचे साबणाचे पाणी त्यात सोडू नये, टाकीतले जंतू मरतात आणि टाकी लवकर भरते. त्या पाण्यासाठी वेगळा शोषखड्डा करावा. मुरमात पाणी मुरते, काळ्या पाषाणात मुरत नाही. म्हणून खड्डा खणल्यावर बादलीभर पाणी ओतून खात्री करावी.

नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून खडी फोडून केलेली वाळू वापरात आहे. ती चालते, फक्त तिच्यातली भुकटी चाळून घ्यावी. कोकणातून येणारी खाडीची वाळू स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातले मीठ लोखंड गंजवते आणि सांध्यांतून पांढरे फूल बाहेर येते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्याने शॉवरची छिद्रे बुजतात आणि गीझरच्या कॉइलवर पापुद्रा चढतो. अशा घरात शॉवर सहज उघडून धुता येईल असा घ्यावा.

दुकानदार बंधूंसाठी

लादीच्या पेटीवर शेड नंबर आणि साइज नंबर असतो. एका भिंतीला एकाच नंबरचा माल जावा आणि तो नंबर बिलावर लिहावा. एक पेटी गिऱ्हाइकाने घरात जपून ठेवावी, असे आवर्जून सांगावे. पाच वर्षांनी एक लादी फुटली तर तीच रंगाची लादी बाजारात मिळत नाही. न उघडलेल्या पेट्या किती दिवसांत परत घेणार, हे बिलावर छापून घ्यावे. सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष असते. तीन महिन्यांपेक्षा जुने पोते न्हाणीघरासाठी देऊ नये. सिमेंटवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दरांवर काढलेली अंदाजपत्रके नव्याने करून द्यावीत. आणि मिस्त्रीला गुपचूप कमिशन देऊन नको तो माल खपवण्याची जी रीत पडली आहे, ती सोडावी. गिऱ्हाइकाला ते आज ना उद्या कळते आणि मग दुकान आणि कारागीर दोघांवरचा विश्वास उडतो.

पैशाचे हप्ते

अर्धे आधी आणि अर्धे नंतर, ही पद्धत दोघांनाही घातक आहे. त्याऐवजी हप्ते असे बांधता येतील. काम सुरू करताना २० टक्के. पाइपांची दाब तपासणी झाल्यावर २० टक्के. ४८ तासांची पाण्याची परीक्षा गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिल्यावर २५ टक्के. लादी आणि ग्राउट पूर्ण झाल्यावर २५ टक्के. राहिलेले १० टक्के महिनाभर वापर करून झाल्यावर. प्रत्येक हप्त्यापुढे तारीख आणि सही असावी. एका न्हाणीघराला साधारण तीन आठवडे धरावेत. कोणी आठ दिवसांत करून देतो म्हणाला, तर तो कोणती तपासणी गाळणार आहे, हे विचारावे.

या पद्धतीत कारागिराचे नुकसान नाही. तपासणीची सही त्याच्याकडे असते. पुढे कधी गळती निघाली आणि ती वरच्या मजल्याची किंवा बाहेरच्या पाइपाची असली, तर तो सही केलेला कागद त्याच्या कामी येतो. तोंडी शपथा घेण्याची वेळ येत नाही. गिऱ्हाइकालाही आपण कशाचे पैसे देतो ते समजते. लादीचा रंग प्रत्येक दुकानात मिळतो. लादीखाली काय आहे ते दाखवून पैसे घेणारा कारागीर मात्र शोधावा लागतो, आणि ज्याला तो एकदा सापडतो, तो आपल्या भावाचे, मेहुण्याचे आणि शेजाऱ्याचे कामही त्याच्याकडेच घेऊन येतो.